फ्यूजमामाचे हात

माझ्या मामाला सगळी वस्ती फ्यूजमामा म्हणते. वीज कंपनीतला लाइनमन. कुठला खांब तिरका, कुठल्यावर कावळ्याचं घरटं, सगळं त्याला ठाऊक. बिघाड झाला की तारेखालून चालत जाऊन तो शोधायचा, मग हातानं स्विच टाकून दुसऱ्या लाइनवरून वीज आणायची. यातच त्याचे केस पिकले.

आजोबांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं आणि वीज गेली की मामाचा जीव टांगणीला लागू लागला. पाय लाइनवर, कान घराकडे. मामी राखीव ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायची. मामा येईपर्यंत तो पुरेल ना, हीच धाकधूक.

म्हणून खांबाला नवी स्मार्ट पेटी बसली तेव्हा मामा हरखून गेला. वीज गेल्याचं ती स्वतःच ओळखणार आणि स्वतःच दुसऱ्या लाइनवरून आणणार.

चाचणीच्या दिवशी मीही दुकान बंद ठेवून त्याच्यामागे गेलो. कंपनीच्या इंजिनिअर मॅडमनी फोनवरून सबस्टेशनला लाइन बंद करायला सांगितली. मामाच्या फोनवर घरून मामी होती.

"अहो, गेली! मशीन बंद पडलं. सिलिंडर उघडते."

आम्ही सगळे पेटीकडे डोळे लावून उभे. पेटी ढिम्म.

"आली का गं?"

"कुठली येतेय! तुमच्या पेटीला झोप लागली वाटतं."

मॅडमचा चेहरा उतरला. तेवढ्यात मामानं कपाळावर हात मारला. "पेटीला नाही हो, मलाच झोप लागली!"

सकाळी त्यानं पेटी उघडून बोल्ट आवळले होते. हात घालण्याआधी चावी फिरवून पेटीचं आपोआप चालणं बंद करायचं, म्हणजे माणूस सुरक्षित; हे त्याच्या रक्तातच. पण काम झाल्यावर चावी परत फिरवायची असते, ही सवय त्या जुन्या हातांना अजून लागायची होती.

त्यानं चावी फिरवली. मॅडम हसल्या. "मामा, आता हात पाठीमागे!"

मामानं खरोखरच हात पाठीमागे बांधले. बोटं मात्र वळवळत होती. आधी लाइन चालू केली, आजोबांचं मशीन सुरू झालं, आणि मग लाइन पुन्हा बंद केली. पेटीत खट्ट वाजलं. काही क्षणांनी पुन्हा खट्ट, दुसरी लाइन जोडली गेली.

"गेली!" मामी म्हणाली. आणि लगेच, "अहो, आली! मी सिलिंडरपर्यंत पोचलेसुद्धा नाही! पंखा थांबता थांबता परत फिरला!"

मामा जागच्या जागी उडी मारून ओरडला, "मॅडम, पुन्हा घालवा ना! एकदाच!"

फोनवरून आजोबांचा खणखणीत आवाज आला, "अरे गाढवा, इथे माझा श्वास आहे, तुझं खेळणं नाही!"

मामा इतका हसला की त्याला खांब धरावा लागला.