हॅलोमावशीचं 'आय कम'

उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 'हॅलो, कोण हवंय?' म्हणण्यात गेली, म्हणून गल्लीनं तिची हॅलोमावशी करून टाकली. निवृत्त झाल्यावर तिनं परदेशातल्या एका संस्थेला कळवलं, तुमच्या वस्तीतल्या पोरांना इंग्रजी शिकवायला येते, फुकट.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो दाढी करत होता.

"अगं, तुझं इंग्रजी ते केवढं. निम्मं तर 'प्लीज होल्ड'च आहे."

"जन्मभर ऐकताय, तुम्हाला तेवढंही आलं नाही."

तिथली शाळा म्हणजे बंद पडलेलं गोदाम. वर पत्रा, खाली पालथी घातलेली लाकडी खोकी, त्यांवर पोरं. आईबाप मासळीच्या कारखान्यात, कुणाचे पार लांब कामाला गेलेले, वर्षावर्षात न फिरकणारे. पहिला तास झकास झाला. मावशीनं पर्स काखोटीला मारली, दाराशी वळली आणि सवयीनं म्हणाली, "ओके, आय कम."

उंबऱ्यावर 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे ती लहानपणी आईची चापट खाऊन शिकली होती. ते इंग्रजीतही तसंच बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेची व्यवस्थापक कपाळाला आठ्या घालून उभी. "काल पोरं जेवायला उठेनात. टीचर येतेय म्हणाली, म्हणून बसून राहिली."

मावशी ओशाळली. "अगं, आमच्याकडे येते म्हणजे जाते."

"मग जाते म्हणा ना."

"ते कसं म्हणू? अभद्र वाटतं."

व्यवस्थापकबाईनं हात टेकले. शेवटी 'आय कम टुमारो'वर तडजोड झाली. तसं म्हटलं की यावंच लागे. अंगात कणकण असली तरी मावशी आली, बस बंद होत्या तेव्हा पायपीट करत आली.

पोरांत एक किडकिडीत मुलगी होती. प्रत्येक वाक्याची उलटतपासणी घ्यायची, म्हणून मावशी तिला वकिलीणबाई म्हणे. ती एकदा खडू मोडता मोडता सहज बोलून गेली, "आधीचे टीचर जाताना रडले, फोटो काढले, परत येतो म्हणाले. कुणी आलं नाही."

मावशीनं पुसलेला फळा पुन्हा पुसला. तिचा व्हिसा संपत आला होता, आणि नवऱ्याचा फोन येऊन गेला होता: गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, आता पुरे, ये. एकदा घरी गेल्यावर पुन्हा निघणं होईल असं तिला स्वतःलाच वाटत नव्हतं. रोज आरशासमोर 'आय गो' म्हणायला बघायची. दर वेळी जीभ अडायची.

शेवटचा तास संपला. मावशी दाराशी गेली.

"ओके. आय कम."

"टुमारो?" वकिलीणबाई उभी राहिली.

"नाही."

"पुढच्या महिन्यात?"

"नाही गं."

"मग वाक्य चुकलं."

मावशीनं पर्स खाली ठेवली. पोरांकडे वळली आणि म्हणाली, "आय ॲम गोइंग."

कुणी रडलं नाही. वकिलीणबाईनं डोकं खाजवलं, मग विचारलं, "व्हेअर?"

"होम."

"व्हाय?"

"माय हजबंड. नी." तिनं आपल्याच गुडघ्यावर थाप मारली.

मग मागून कुणी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं. कुणी म्हणालं, नवरा चांगला आहे का, मारतो का. एरवी तोंडात मूग धरून बसणारी एक मुलगीसुद्धा धडपडत का होईना, पूर्ण वाक्य बोलली. परत येतो म्हणणाऱ्यांना असलं काही विचारायची वेळच आली नव्हती. मावशी एकेकाला उत्तर देत राहिली, जमेल तसं, अडेल तिथं हातवारे करून. बस चुकली ती चुकलीच.

पुढची बस येईपर्यंत वकिलीणबाई स्टॉपवर तिच्या शेजारी उभी होती आणि गुडघा कापतात तेव्हा माणूस जागा असतो का, ते विचारत होती.