भोयेबाई आणि उपाशी कुत्री

भोयेबाई कुत्र्यांना अहोजाहो करायच्या. शाळेच्या पायरीवर एखादं खरजेलं कुत्रं पसरलेलं असलं की, "जरा सरकता का? मुलं यायची वेळ झाली," असं म्हणून वाट बघत उभ्या राहायच्या. कुत्रं ढिम्म हलायचं नाही. मग बाईच कडेकडेने वर जायच्या. "ओळखदेख नसताना एकदम अरेतुरे कसं करायचं?" हे त्यांचं म्हणणं. मला मात्र त्या पहिल्या दिवसापासून "ए" म्हणत. सूर्यमाळच्या शाळेत मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक होतो आणि माझा मान कुत्र्यांच्या खालोखाल होता.

एका बाबतीत मात्र बाईंना थट्टा चालत नसे. दर उन्हाळ्यात वर्गामागे कुत्री व्यायची आणि पाण्यावाचून पिल्लं मरायची. "माणसांना हंडाभर पाणी मिळेना, यांना कुठून देऊ?" म्हणत बाई ती स्वतः पुरायच्या आणि दिवसभर कोणाशी बोलायच्या नाहीत. शेवटी त्यांनी कुत्र्यांच्या नसबंदीचं मनावर घेतलं. मदतीला जव्हारहून दोघा-चौघांना गोळा केलं आणि ठाण्याच्या एका डॉक्टरांना इतके फोन केले की ते कंटाळून स्वस्तात यायला कबूल झाले. "या खेपेला जमलं तर दरवर्षी येईन," त्यांनी बजावलं. "नाहीतर मला विसरा. आणि कुत्री आदल्या रात्रीपासून उपाशी हवीत. पोटात अन्न असलं तर भुलीत जीव जातो."

बाईंनी पाड्यात घरोघर जाऊन हे सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरल्या सकाळी कुत्री दोरीला धरून आणली, ती एकूणएक तृप्त.

"खायला दिलं का?" बाईंनी विचारलं.

"भाकर दिली ना बाय," ठकीआजी म्हणाली. "सुईला चाललाय, उपाशी कसा धाडू?"

मोकाट कुत्रं कोणा एकाचं नसतं, त्यामुळे प्रत्येक घराने त्याला आपापली नाचणीची भाकर चारली होती. काळ्या नावाच्या कुत्र्याला तर धड बसताही येत नव्हतं.

डॉक्टरांनी पेटी बंद केली. बाई गाडीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "उद्या सकाळपर्यंत थांबा. मी बघते."

"एकाने जरी खाल्लं तरी मी निघालो," डॉक्टर म्हणाले.

कुत्री वर्गात कोंडली आणि बाईंनी पाड्याला हुकूम सोडला, "आज कोणी चूल पेटवायची नाही. वास सुटला की हे ओरडणार, हे ओरडले की तुमचा जीव पाघळणार." पोरांना तेवढी केळी, तीही टेकडीपलीकडे नेऊन.

"म्या नवऱ्यासाठी कधी उपास केला नाय, कुत्र्यासाठी करू?" ठकीआजी करवादली. पण तिने केला, सगळ्यांनीच केला. संध्याकाळी डॉक्टरांनी झाडाआड हळूच बिस्किटांचा पुडा फोडला. त्या आवाजासरशी वर्गातून एकच गिल्ला झाला. बाईंनी जाऊन नुसता हात पुढे केला आणि डॉक्टरांनी पुडा मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवला.

सकाळी सगळं सुखरूप पार पडलं. शेवटचा टाका पडताच पाड्यात धूर निघाला आणि डॉक्टरांनी ठकीआजीकडून मागून मागून भाकरी खाल्ली. पुढच्या उन्हाळ्यात वर्गामागे एकही पिल्लू नव्हतं. बाई रोज जाऊन बघायच्या आणि हसत परत यायच्या.

गेल्या पावसाळ्यात भोयेबाई गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. आता दरवर्षीचं नसबंदीचं शिबिर कोण घेणार, असं मनात होतं, तोच डॉक्टरांनी आपणहून येण्याचा दिवस कळवला. मी तो पाड्यात सांगितला, पण उपासाचं बोलायचा मला धीर होईना. ते बाईंचं काम होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी भीतभीतच पाड्यात गेलो. वाटेत एकही कुत्रं दिसलं नाही आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता. ठकीआजी उंबऱ्यावर बसली होती.

"जेवलास काय मास्तर?"

"हो," मी म्हणालो.

"मंग शाळेकडं जाऊ नको," ती म्हणाली. "वास येल तुझा."