दोन्ही तारा बराबर

पंच्याहत्तरच्या सुमारास भोकरदनजवळच्या नदीवर पायी जाणाऱ्यांसाठी नव्या धर्तीचा पूल होत होता. मधोमध एकच उंच खांब आणि त्याच्या माथ्यावरून दोन्हीकडं तिरप्या उतरलेल्या जाड तारा. सगळा पूल त्यांनीच तोललेला. मी पलीकडच्या शाळेत मास्तर. येताजाता काम बघत थांबायचो.

तारा ताणणारा फिटर पन्नाशीचा होता. नाव मी कधी विचारलं नाही. डावीकडच्या तारेवर तो पान्यानं ठोका द्यायचा, मग तिच्या उजवीकडच्या जोडीदारणीवर. प्रत्येक ठोक्यानंतर डोळे मिटून कपाळ तारेला टेकवायचा. मला वाटायचं, माणूस भाविक आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली.

"मास्तर, जरा ऐका. दोन्ही सारख्या वाजल्या पाह्यजेत. एक ढिली पडली तर शेजारची तिचा भार उचलती, अन् कुनाला सांगत न्हाई."

दोन ठोके देऊन तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "मला आता ऐकू येऊन न्हाई राह्यलं. कपाळाला कळतं तेवढंच. सायबाला सांगू नका."

त्यानं पुन्हा दोन ठोके दिले, तेवढ्यात शाळेची घंटा झाली. माझं सगळं लक्ष तिकडं. मी मान हलवली, "बराबर आहेत."

त्यानं हात जोडले आणि पाना पोत्यात गुंडाळला.

पुढं रोज शाळा सुटली की पोरं त्या पुलावरून धावत घरी जायची. ती पार होईपर्यंत मी छत्रीच्या मुठीनं त्या दोन तारा वाजवत उभा राहायचो. त्या सारख्या वाजत होत्या का, हे मला कधीच सांगता आलं नाही.