दिवस बुडायच्या आत

जयपाल मगदूम मला पहिल्यांदा दिसले ते चुकताना.

चोवीस वर्षांपूर्वी मी मिरज तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या शाळेत बदलून आले होते. चौथीच्या मुलांना हळदीची काढणी दाखवायला त्यांच्या शेतावर नेलं. मुलं बांधावर रांगेत उभी राहिली. एक उंच, थोडा वाकलेला माणूस हातात मातीने भरलेला हळदीचा गड्डा घेऊन पुढे आला आणि घसा खाकरून म्हणाला, "ही हळद सात महिन्यांत निघती."

चुलीपासून आवाज आला, "आवं, नऊ! सात महिन्यांत काय काढताय, कपाळ?"

मुलं खो खो हसली. तेही हसले आणि हातातला गड्डा आवाजाच्या दिशेने धरून उभे राहिले. पदराला हात पुसत त्यांच्या पत्नी आक्काताई आल्या, गड्डा घेतला आणि पुढचा तासभर त्याच बोलत राहिल्या. अक्षय तृतीयेला लावण, साडेचार फुटांची सरी, पाला वाळला की काढणी, मग शिजवणं, मग पंधरा दिवस ऊन. एकही मूल जागचं हललं नाही. वर्गात माझं असं कधी होत नसे.

निघताना मी मगदूमांना विचारलं, "तुम्हाला खरंच सात महिने वाटतात?"

"जन्म गेला की बाई हळदीत. पण चार माणसांम्होरं मला बोलाय येत न्हाई. मी चुकलो की ती बोलती. काम भागतं."

पुढे त्या भेटीची शिवारफेरी झाली. दर फेब्रुवारीतला एक रविवार मगदूमांचं शेत सगळ्यांना मोकळं असे. कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार दुचाकीवर बायकामुलांना घेऊन येत. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी वह्या घेऊन येत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या बायका ओल्या हळदीचे फोटो काढत. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून पाहुणेही अण्णाच म्हणू लागले. अण्णा दारात घागरीवर दुहेरी फडकं धरून पाणी गाळत बसत. त्यांच्या घरात न गाळलेलं पाणी कुणी प्यालं नाही. अधूनमधून कुणी काही विचारलं की अण्णा हमखास चुकीचं सांगत, आणि कुठूनतरी "आवं!" अशी हाक येई. जुने पाहुणे त्या हाकेची वाटच बघत.

दुसरा नेम पंगतीचा. घर जैन, सूर्यास्तानंतर कुणी जेवत नसे. पाहुणे आधी आणि घरची माणसं शेवटी, म्हणून आक्काताईंची दरवर्षी सूर्याशी शर्यत लागे. पाच वाजले की त्या ताटावर पळी बडवत शेतभर फिरत. "चला, चला! फोटो उद्या काढा. दिवस बुडायच्या आत हात धुवा!" भाकरी, वरण्याच्या दाण्यांची उसळ आणि खपली गव्हाची खीर. सगळ्यांचं झालं की मावळतीकडे तोंड करून त्या आणि अण्णा शेजारी बसत, भराभर जेवत. एकदा मी गमतीने म्हटलं, "आज हरलात." त्यांनी तोंडात घास असतानाच पळीने सूर्य दाखवला. बोटभर उरला होता.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आक्काताईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, वाचा गेली. त्यांना सगळं कळे. माणसं ओळखत, हिशेबी नजरेने खळं न्याहाळत, पण ओठांतून शब्द येत नसे. पुढच्या फेब्रुवारीत शिवारफेरी झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा माझ्या घरी आले. तोवर मी निवृत्त झाले होते.

"यंदा शिवारफेरी धरलीया. सगळ्यांस्नी कळवा."

"कुणासाठी अण्णा? आणि बोलणार कोण?"

ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी, ओळखीच्या कामात कवा कवा शब्द येतो. एक शब्द आला तरी बास हाय बाई. मला 'आवं' एवढंच ऐकायचं हाय."

त्या रविवारी पूर्वीइतकीच गर्दी झाली. आक्काताईंची खुर्ची खळ्याच्या कडेला, सगळं दिसेल अशी ठेवली होती. इचलकरंजीला दिलेली मुलगी ब्राह्मी चुलीपाशी होती. अण्णा गड्डा घेऊन मधोमध उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्या आवाजात बोलत होते.

"हळद सात महिन्यांत निघती."

ते थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं. आक्काताई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"सरी दोन फुटाची धरायची."

पुन्हा थांबले.

"शिजवली की ओलीच पॉलिशला घालायची. ऊन दाखवायचं काम न्हाई."

काही जण हसले, काही एकमेकांकडे बघू लागले. कृषी महाविद्यालयाचा शंभूराज नावाचा विद्यार्थी वहीतून मान वर करून म्हणाला, "अण्णा, वाळवल्याशिवाय पॉलिश कसं होईल? आणि सरी तर—"

अण्णांनी त्याच्यापुढे हात जोडले. "तू नगं सांगू लेकरा. ते तिचं काम हाय."

मग हसू थांबलं. कळलेल्यांनी न कळलेल्यांच्या कानात सांगितलं. त्यानंतर अण्णा काहीही बोलले तरी कुणी हू का चू केलं नाही. साठ-सत्तर माणसं चुकीचं ऐकत, वाट बघत उभी होती.

पाच वाजले. चुलीवर सगळं तयार होतं. ब्राह्मी आली. "अण्णा, पंगत?"

"थांब."

सव्वासहाला ती पुन्हा आली. "अण्णा, दिवस खाली आला."

"थांब म्हणतो न्हवं."

तेव्हा मला समजलं. सगळ्यांत मोठी चूक त्यांनी शेवटाला ठेवली होती. पन्नास वर्षांच्या संसारात आक्काताईंनी जी एकदाही होऊ दिली नव्हती, ती.

अण्णा आक्काताईंच्या खुर्चीजवळ उकिडवे बसले. "लय घाई कशाला?" ते त्यांना म्हणाले. "दिवे लागल्यावर जेवू की."

आक्काताईंनी मावळतीकडे बघितलं. मग अण्णांकडे. डावा हात खुर्चीच्या दांडीवर हलू लागला. आधी हळू, मग जोराने. ताटावर पळी बडवावी तसा. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. बोटभर सूर्य उरला, मग नखाएवढा, मग उसाच्या शेंड्यांमागे गेला.

शब्द आला नाही. हात तेवढा दांडीवर आपटत राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

अण्णांनी तो हात धरला. "राहू दे. राहू दे गं."

पाहुणे जेवले. अण्णांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. ब्राह्मी वाटीत खीर घेऊन आईकडे गेली. "आई, रात्रीची गोळी उपाशी पोटी चालत न्हाई. दोन चमचे तरी." आक्काताईंनी ओठ मिटले. ब्राह्मीने पुन्हा चमचा नेला. त्यांनी मान फिरवली आणि ओठ इतके घट्ट दाबले की पांढरे पडले.

"बरोबर हाय तुझं," अण्णा आक्काताईंना म्हणाले.

मला रस्त्यापर्यंत पोचवायला ते आले. टोपी हातातच होती. "तिला सारं कळत होतं बाई. येत असतं तर सात महिन्यांलाच बोलली असती. मी साऱ्या लोकांत तिची परीक्षा घेतली." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "वर उपाशी ठेवलं."

मी छत्तीस वर्षं परीक्षा घेतल्या.

शिवारफेरी आता होत नाही. जमीन अण्णांनी शेजाऱ्याला वाट्याने कसायला दिली आहे. रोज साडेचारला ते पाणी गाळतात, पाच वाजता आक्काताईंना भरवतात, आणि त्यांचं झालं की तिथेच बसून जेवतात.