धाकूच्या नांगराचा बांध

आगरवाडीच्या धाकूला लोखंडाचं वेड होतं, आणि ते कधी लागलं हे सांगायला त्याची बायको बायजा एका पायावर तयार असायची. दुसरी मोठी लढाई संपली, कल्याणपलीकडची लष्करी छावणी उठली आणि बाजारात मोडक्या गाड्यांचे पत्रे, साखळ्या, कमानपाटे ढिगाने येऊन पडले. शहाण्या माणसांनी छपरावर घालायला पत्रे आणले. धाकूने मोटारीचा एक गंजका कमानपाटा खांद्यावरून डोंबिवलीपर्यंत आणला, तिथून खाडीकाठाने गावात, आणि तो ओटीवर मांडून त्याच्याकडे बघत बसला. बायजा म्हणाली, "याला आता कुंकू लावू का?" धाकूने ते ऐकलंसुद्धा नाही.

त्याआधी तो ठाण्याला शेतीचं प्रदर्शन बघून आला होता. तिथे रंग दिलेला लोखंडी नांगर ठेवला होता. माती नुसती चिरत नाही, उलटून टाकते, तण खाली गाडते, असं तिथला माणूस सांगत होता, आणि ते खरंच होतं. पण तो नांगर देशावरच्या जमिनीसाठी आणि तिकडच्या थोराड बैलांसाठी केलेला. आगरवाडीत एकाने हौसेने तसला आणला, तेव्हा त्याची बैलजोडी गुडघ्याएवढ्या चिखलात रुतून बसली आणि अख्खा गाव दोर लावून ओढायला आला. नांगर त्याच्या गोठ्यात जाऊन पडला, कोंबड्या त्यावर बसू लागल्या.

धाकूच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. वजन कमी करायचं, पण माती उलटली पाहिजे. त्याने अंग लाकडाचंच ठेवलं, कमानपाट्याचा फाळ केला आणि पिंपाचा पत्रा तापवून, ठोकून त्याचं वळणदार पान बनवलं. पहिलं पान चिखल धरून ठेवायचं. दुसरं माती फेकायचं, पण नांगर वाकडा पळायचा. किती पानं झाली याची मोजदाद त्याने ठेवली नाही, बायजाने ठेवली होती, कारण प्रत्येक पानाला चुलीतला कोळसा जायचा. शेवटी एका पावसाळ्यात पान असं बसलं की चिखल त्यावरून घसरत, वळत, पालथा होऊन पडला आणि बैल मान न टाकता बांधापर्यंत चालत गेले. धाकू तिथेच चिखलात उभा राहून हसत होता. माणूस इतका खूश झालेला मी फार कमी वेळा ऐकला आहे.

मग काय, खाडीकाठच्या गावांत धाकूचं नाव झालं. टिटवाळ्याकडची माणसं नांगर बघायला येऊ लागली. या नावाचा सगळ्यात मोठा लाभ झाला तो त्याच्या लेकीला. शेवंती खाडीच्या पलीकडे कांदळपाड्याला दिली होती. सासरा गणू मोठा ताठ माणूस. लग्नात मानपान कमी पडला म्हणून त्याने सुनेला कधी नावाने हाक मारली नव्हती, 'आगरवाडीची' म्हणायचा. नांगराचा बोलबाला झाला तसा गणू होडीत बसून स्वतः आला, धाकूच्या ओटीवर चहा प्यायला आणि नांगर मागून घेऊन गेला. त्यानंतर शेवंती घरात शेवंती झाली. माहेरी आली की ती आधी बापाच्या नांगराला हात लावायची, मग आईला भेटायची.

धाकू एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

खारजमिनीत भात पिकतं ते बांधाच्या जिवावर. बांधाच्या एका बाजूला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, आणि भरतीला पाणी भातापेक्षा माणूसभर उंच. हा बांध दर उन्हाळ्यात पावसाआधी दुरुस्त करायचा. ओहोटी लागली की पुरुष खाडीच्या बाजूचा ओला चिकट चिखल फावड्याने ढेप ढेप कापून काढत. त्या ढेपा विटांसारख्या रचायच्या आणि प्रत्येक थरावर बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीने नाचायच्या. नाच कसला, तुडवणं ते. थराला थर चिकटेपर्यंत, टाच रुतायची बंद होईपर्यंत. म्हातारी ठमाबाई ओळीच्या टोकाला असायची, आणि तिने पाय थांबवला की थर झाला असं समजायचं. या कामात अख्खा पंधरवडा जायचा आणि माणसं अर्धमेली व्हायची.

त्या वर्षी धाकूने नांगराच्या पानाला एक लांब पंख जोडला. बांधाच्या आतल्या कोरड्या बाजूने बैल चालवले की माती सुटून थेट बांधावर जाऊन पडू लागली. दोन दिवसांत बांध उभा, तोही पूर्वीपेक्षा हातभर उंच आणि दुप्पट रुंद. वरून त्याने फळी फिरवली. बायकांचे पाय यंदा वाचले. सगळ्या आनंदल्या, बायजासुद्धा. नवऱ्याचं कौतुक चारचौघांत ऐकायला कुणाला नको असतं?

ठमाबाई तेवढी बांधावर चढली, टाच दाबून बघितली आणि खाली उतरली.

"दिसतंय चांगला," ती म्हणाली. "पन याला तुरवला कोनी?"

"काकी, येवरा रुंद बांद हाय. तुरवायला कशाला पायजे?" धाकू म्हणाला.

"रुंद हाय रं," म्हातारी म्हणाली. "पन नुसती माती हाय." आणि ती घरी गेली. लोकांनी म्हातारीला चेष्टेवारी नेलं. तिला दुसरं काम उरलं नाही म्हणून ती अशी बोलते, असं ठरलं.

पाठोपाठ गणू हा पंखवाला नांगर न्यायला आला. कांदळपाड्याचा बांध आगरवाडीच्या दीडपट लांब आणि खाडीच्या मुख्य धारेवर. गणूने तो आणखी उंच करवून घेतला. एवढा भक्कम बांध झाला म्हणताना त्याने आपलं घरही गावठाणातून हलवून खाली शेतावर, बांधाच्या आडोशाला बांधलं. पिकाची राखण सोपी होईल म्हणाला. शेवंतीने नव्या घराची भुई स्वतः सारवली.

पाऊस लागला. सुटी माती पाणी पिऊन खाली बसली, बांध हातभर खचला. ते साहजिक होतं, धाकूने तसं लोकांना सांगितलंही. मग बांधावर खेकड्यांची बिळं दिसू लागली. खेकडे दरवर्षीच असतात, तेही त्याने सांगितलं. पण एका सकाळी तो बांधाच्या आतल्या पायथ्याशी भातात उतरला असताना त्याला मातीतून पाण्याची झुळझुळ लागलेली दिसली. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं.

त्याने आजूबाजूला बघितलं, चिखलाचा गोळा करून तिथे थापला आणि घरी आला. बायजाने विचारलं, चेहरा असा का? तो म्हणाला, ऊन लागलं. श्रावणात ऊन कसलं, पण तिने पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून तो रोज भरतीच्या वेळी बांधाकडे जायचा आणि रोज नवे गोळे थापून यायचा. जेवताना त्याचा घास हातात तसाच राहायचा. एकदा झोपेतून उठून त्याने बायजाचं बोट चाटून बघितलं, आणि मग ती घाबरली.

नारळी पौर्णिमेला दुपारनंतर उधाणाची भरती होती. गाव नारळ घेऊन खाडीवर गेला होता, शेतात कुणी नव्हतं, म्हणून कुणी मेलं नाही. आवाजही झाला नाही. बांध मधोमध खाली बसला, दमलेलं माणूस बसतं तसा, आणि खाडी आत आली. गुडघ्यापर्यंत आलेलं भात बघता बघता पाण्याखाली गेलं. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी तुटून शेतात तरंगत होती. ठमाबाईची गाय दाव्याला बुडाली. संध्याकाळी ओहोटीला पाणी परत गेलं ते मातीत मीठ सोडून, भाताची मुळं आणि पुढच्या तीन वर्षांचं पीक घेऊन.

कुणी धाकूला शब्दाने बोललं नाही. उधाण मोठं होतं म्हणाले, खेकड्यांनी पोखरला म्हणाले, नारळ उशिरा वाहिला म्हणाले. ठमाबाई गाईच्या खुंट्यापाशी दावं गुंडाळत बसली होती. धाकूला वाटत होतं, कुणीतरी आपल्या तोंडात मारावी. आणि असं वाटत असतानाच त्याला कांदळपाडा आठवला. तिथे बांध उंच, पाणी जास्त, आणि आडोशाला घर. पुढचं, अमावास्येचं उधाण यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो होडीने पलीकडे गेला. गणूने व्याह्याला पाट मांडला, गूळपाणी दिलं. लेकीच्या सासरी तोंड उघडायला मुळात बाप धजत नाही, पण धाकूने उघडलं.

"याही, तो बांद जाणार. माझीच चूक झाली. नांगरानं माती सुटते, धरत नाय. तुमी घर वर गावात न्या."

गणू हसला. "तुमच्या गावचा गेला म्हनून आमचा जातंय? चला, बघा तरी." त्याने व्याह्याला बांधावर नेलं. वरून बांध हिरव्या गवताने झाकला होता, देखणा दिसत होता. धाकू आतल्या पायथ्याशी उतरला, गवत बाजूला केलं आणि ओली माती जिभेला लावली. "खारं हाय," तो खालूनच म्हणाला.

"पावसाचं पानी हाय ते," गणू म्हणाला. त्याचा आवाज आता बदलला होता. भरल्या पिकाच्या दिवसांत घर सोडून पळायचं, तेही सुनेच्या बापाच्या सांगण्यावरून, हे त्याला पाड्यात तोंड दाखवायला जागा ठेवणार नव्हतं. आणि बांध आता दुरुस्त करायचा तरी कसा? चिकट चिखल आता पावसाळ्यात ओहोटीलाही पाण्याखाली होता.

"मंग शेवंतीला तरी लावा माज्याबरोबर," धाकू म्हणाला.

"पाचवा महिना लागलाय तिला. पाचव्यात नेत नाय कोनी. सातव्यात या, वाजतगाजत न्या." एवढं बोलून गणू घराकडे चालू लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

शेवंती बापाला होडीपर्यंत पोचवायला आली. बांधावरून चालताना धाकूने तिचा हात धरला. लहानपणानंतर त्याने तो कधी धरला नव्हता.

"पोरी, आत्ता चल. तशीच बस होडीत. मागाहून मी बघतंय काय ते."

"बाबा, असं पलून कसं येवू?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"हा बांद खोटा हाय गं. मी सांगतंय ना तुना."

शेवंती थांबली. बापाच्या तोंडाकडे बघून तिला त्याची कीव आली. गावाचं पीक गेलं, ते म्हाताऱ्याने जिवाला लावून घेतलंय, असं तिला वाटलं. तिने पायाने बांधावर हलकेच थापटलं.

"तुमी कालजी नका करू," ती म्हणाली. "मी निजतंय ना इथं, मना ठावं हाय. तुमच्याच नांगराचा हाय तो. त्याला काय व्हतंय?"

धाकूने तिच्या पायाशेजारी टाच दाबली, ती रुतली. भरती लागली होती आणि होडीवाला हाका मारत होता.