सरकारी कागदावर मी कसा मेलो

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण मध्ये बोलू नका, नाहीतर पुढचं मला सांगवणार नाही. मी माझ्याच तोंडानं स्वतःला मारलं, तो किस्सा आहे. विष-बिष काही नाही. सरकारी माणसासमोर बसून, चहा पीत पीत!

आमचा दादा मॅट्रिक. गिरणीत होता, संपात नोकरी गेली. मी चौथीनंतर शाळा सोडलेला, दहिसरच्या नाक्यावर ट्रकमधला माल उतरवायचो. मग सरकारनं शिकलेल्या बेकारांसाठी योजना काढली. तुम्ही धंदा काढा, बँक कर्ज देईल. दादा नुसता वेडा झाला. चारकोपला अर्धा गाळा बघून ठेवला, लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन बघून ठेवलं. रोज जाऊन त्या मशीनला हात लावून यायचा, जशी काही म्हैसच घ्यायचीय. फॉर्म त्यानं एकट्यानं बसून भरला, मला दाखवला नाही. दाखवून मी काय वाचणार होतो म्हणा.

अर्ज पुढे सरकला आणि दादाला कावीळ झाली. नऊ दिवस. संपलं. त्याचा पोरगा तीन वर्षांचा, म्हणून अग्नी मी दिला आणि दहाव्याला डोकंही मीच भादरलं.

हे डोकं लक्षात ठेवा. सगळा घोळ डोक्याचाच आहे, आतून आणि बाहेरून.

पंधराव्या दिवशी शेजारचे गावडेकाका धापा टाकत आले. योजनेचा साहेब चौकशीला आलाय, खाली आमची खोली विचारतोय. आणि जाता जाता म्हणाले, "माणूस मेलो की फाईल पण मेली समज."

झालं! माझं टाळकं फिरलं. देवानं दादाला नेलं, आता सरकार त्याचा लेथ पण नेणार? वहिनीनं आणि पोरानं खायचं काय? तिला एका शब्दानं विचारलं नाही. साहेब दारात आला, अर्जदार कोण म्हणाला. मी म्हटलं, मीच.

त्यानं फॉर्मवरचा फोटो बघितला, मग मला बघितलं. केस काढल्यावर कोण कोणासारखा दिसतो हो? पण त्या टकलाकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "घरात कोण गेलं?"

आई-बाप म्हणावं, तर ते कधीच गेलेले, तसं फॉर्मात लिहिलं असणार. तोंडातून निघून गेलं, "धाकटा भाऊ."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. कपाळ मोकळं. साहेब बघतच राहिला. मी घाईघाईनं सांगितलं, ही भावाची बायको. तोपर्यंत तेवढं एकच खरं बोललो होतो!

"आणि तुमच्या मिसेस?"

"माहेरी."

वहिनीनं कपबशी माझ्यासमोर आपटली आणि ती आत गेली. साहेब माणूस चांगला होता, वाईट त्याचंच वाटतं. त्यानं भावाचं नाव विचारलं. मी माझंच सांगितलं, बाळकृष्ण, आणि त्यानं ते 'मयत' म्हणून लिहून घेतलं.

त्यानं कप खाली ठेवला आणि फाईलीवरून बोट फिरवलं. "अरेरे. धंद्यात नोकरी मिळणारी व्यक्ती, एक. बाळकृष्ण, धाकटा भाऊ. हाच का?"

दादानं मला सांगितलंच नव्हतं! साहेबानं मग नियम समजावला. धंदा काढणाऱ्यानं आणखी एकाला तरी काम द्यायचं, नाहीतर मंजुरी नाही. आता तो एकच गेला, म्हणजे नवीन माणूस, नवीन फॉर्म, आणि यंदाची यादी तर परवा बंद होतेय.

"उलट असतं तर सोपं होतं हो," तो हळहळला. "अर्जदार गेला तर त्याच्या बायकोच्या नावावर करता येतं. काम करणारा दीर घरात आहे म्हटल्यावर मी इथंच शिफारस लिहिली असती."

"साहेब," मी म्हटलं, "उलटच आहे."

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला वाटलं, दुःखानं पोराचं डोकं फिरलं. शेवटी वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"भावोजी खरं सांगतायत. गेले ते माझे मालक. हे जिवंत आहेत, अक्कल तेवढी गेलीय."

साहेब फाईल बांधत म्हणाला, "बाई, तुमचं वाईट वाटतं. पण जो मेलेल्या भावाचं नाव लावून माझ्यासमोर बसला, त्याच्या भरवशावर मी काय लिहू?" चहा अर्धा टाकून तो गेला.

अर्ज नामंजूर. लेथ दुसऱ्या कोणी नेला. मी अजून नाक्यावर माल उतरवतो, वहिनी कांदिवलीला एका कारखान्यात डबे भरायला जाते.

नामंजुरीच्या पत्रासोबत फॉर्मही परत आला होता. एका रविवारी वहिनीनं मला समोर बसवलं आणि माझ्या नावापुढचं माझ्याकडूनच वाचून घेतलं, एक एक अक्षर लावत. शिक्षण, चौथी. कामाचा अनुभव, नाही. आणि त्याच्या पुढे, जिथं काही लिहायची गरजच नव्हती तिथं, दादाचं बारीक अक्षर: "पण खोटं बोलत नाही."

अख्ख्या फॉर्मात साहेबाला खोटी सापडली ती तेवढी एकच ओळ.