डावी लाईट बंद हाय

अण्णांचे डोळे जात होते आणि मी गाडीच्या लाईटी बदलत बसलो होतो. सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच सांगितलं की लोक म्हणतात, जाऊ द्या हो, आधी कुणाला कळतंय. मला कळायला पाहिजे होतं. फॉल्ट शोधणं हा माझा धंदा आहे.

जामखेडला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. मोटार आणणारा माणूस काय वाटेल ते सांगत असतो. कुणी म्हणतं व्होल्टेज कमी आहे, कुणी म्हणतं शेजाऱ्यानं मुद्दाम केलं. मी कुणाचं ऐकत नाही. वायरचं एक टोक धरायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, मध्ये कुठं तरी फॉल्ट सापडतोच. या गोष्टीचा मला फार माज होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभं आयुष्य जामखेड ते खर्डा पॅसेंजरची जीप चालवली. ती मालकाची होती. म्हातारपणाकडे झुकल्यावर त्यांनी स्वतःसाठी नवी कोरी पांढरी जीप घेतली, मोठी, सात माणसं बसतील अशी, आणि तिच्यात एकही पॅसेंजर बसवला नाही. बाजारला जायचं तरी एकटेच सातजणांची गाडी घेऊन जायचे. आई गेल्यावर तर ती गाडीच त्यांचं सगळं झाली. सकाळी उठून आधी तिच्यावरून फडकं मारायचे, मग तोंड धुवायचे.

त्या गाडीला पंधरा वर्षं होत आली. पंधरा झाली की परत पासिंग करावं लागतं, रंग उडालेला आणि लाईट मंद असली की आरटीओचा साहेब गाडी परत पाठवतो. आमच्या गाडीची दारं खालून गंजली होती आणि हेडलाईटच्या काचा पिवळ्या पडून मोतीबिंदू झाल्यासारख्या दिसत होत्या. हे मी तेव्हा हसून म्हणालोही होतो. आठवलं की आज जीभ हासडावीशी वाटते.

"पेंटरकडं टाकू," मी म्हटलं.

"परक्याच्या हातात गाडी द्यायची न्हाई," अण्णा म्हणाले. "आपुन दोघं करू. तुझ्याकडं काँप्रेसर हाय, माझ्याकडं हात हायेत. पासिंग झालं की अजून पाच वरसं मी चालवतो का न्हाई बघ."

त्यांना अजून पाच वर्षं गाडी चालवायची होती. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

उन्हाळ्यात आम्ही कामाला लागलो. घर खर्ड्याच्या रस्त्याला, गावाबाहेर, समोर मोकळं अंगण आणि कांद्याची चाळ. एरवी मी दुकानातून नऊच्या आत घरी येत नसे, त्या दिवसांत सहालाच शटर ओढायचो. गंज घासून काढला, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, ती वाळल्यावर पाणी टाकून पॉलिश पेपर मारला. पेपर अण्णाच मारायचे. डोळे मिटून पत्र्यावरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "हितं अजून उंचवटा हाय." मी बघायचो, मला काही दिसायचं नाही, बोट लावलं की लागायचं. मी बायकोला बोलावून दाखवलं, "बघ, याला म्हणतात कारागिरी. न बघता सांगतात."

ती बघत राहिली. मग मी आत आल्यावर हळूच म्हणाली, "अहो, परवा अण्णांनी चहाचा कप ओट्यावर ठेवला तो ओट्याच्या बाहेरच ठेवला. सरळ खाली. त्यांचे डोळे एकदा तपासून आणा. शुगर आहे त्यांना, विसरू नका."

"तुला काहीतरी काढायचंच असतं," मी खेकसलो. "खर्ड्याच्या किल्ल्याच्या बुरजावरची घार सांगतात ते खालच्या रस्त्यावरून."

घार सांगायचे ते वीस वर्षांपूर्वी.

रंग मारला तो भल्या सकाळी, वारं उठायच्या आत. आमच्याकडे आठ वाजले की धूळ सुरू, मग ओल्या रंगावर सगळी माती. काचांना, टायरना वर्तमानपत्रं चिकटवली, रंगात थिनर घातला आणि स्प्रे-गन हातात घेतली. आयुष्यात पंपाच्या मोटारींच्या बॉड्या रंगवल्या होत्या, जीप कधी नाही. ड्रायव्हरच्या दारावर हात जरा जास्त रेंगाळला आणि रंगाचा एक ओघळ सुटला, हँडलच्या खालून निघून पार खालपर्यंत. चांगला करंगळीएवढा जाड. अण्णा म्हणजे, लहानपणी गाडी धुताना एक डाग राहिला तर मला पाठीत धपाटा घालणारा माणूस.

ते आले, दारासमोर उभे राहिले, मान इकडून तिकडं केली आणि म्हणाले, "झ्याक झालं. लई झ्याक केलंस."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी शाबासकी दिली नव्हती. मी दुकान टाकलं तेव्हाही नाही. मला वाटलं, ओघळ दिसला असणार, पण म्हातारा निवळला आता, मन राखतोय. त्या आनंदात मी दिवसभर शीळ घालत हिंडलो. कसला गाढव आहे मी!

मग लाईटी. काचा बारीक पेपरनं घासल्या, टूथपेस्ट लावून लखलखीत केल्या. जुन्या वायरिंगमधून बल्बला पुरेसा करंट पोचत नव्हता, म्हणून बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली, मध्ये रिले बसवला, बल्ब नवे घातले. दिवेलागणीला गाडी चाळीच्या भिंतीकडे तोंड करून लावली. अण्णा स्टिअरिंगवर बसले, मी बटण दाबायला सांगितलं. भिंत दुपार झाल्यासारखी उजळली.

"कसंय?"

"उजवी मस्त," अण्णा म्हणाले. "डावी बंद हाय."

मी पुढं गेलो. डावी लागलेली होती. "लागलीय की!"

त्यांनी डोळे चोळले, मान हलवली. "व्हय, आता लागली."

झालं. आता लागते, मग विझते, म्हणजे कुठं तरी कनेक्शन लूज. माझ्या धंद्यातला कुणीही हेच म्हणेल. मी होल्डर उघडला, घट्ट केला. दुसऱ्या दिवशी, "डावी बंद हाय." अर्थिंग बदललं. पुन्हा तेच. रिले बदलला, फ्यूज बदलला, बल्ब उजवीकडचा डावीकडे घालून बघितला. दर वेळी मी पुढे जाऊन बघेपर्यंत लाईट चालू. मी अक्षरशः डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं. बायको दारात उभी राहून म्हणायची, "मला तर दोन्ही लागलेल्या दिसतात." आणि मी म्हणायचो, "तुला वायरिंगमधलं काय कळतंय? आत जा."

पासिंगला गाडी मीच नेली. साहेबानं लाईटी तपासल्या आणि म्हणाला, "जुन्या गाडीला एवढी चांगली लाईट बघितली नव्हती. दोन्ही एक नंबर." मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या म्होरं लागली आसंल." आणि मलाही ते पटलं. तपासणाऱ्या माणसानं चालू म्हटलेली लाईट मी संध्याकाळी परत खोलली! पाऊसकाळ सगळा असा गेला. अंगणात दोन खुर्च्या, मधे बॅटरी, मी टेस्ट लॅम्प घेऊन वाकलेलो आणि अण्णा जुन्या पॅसेंजरांच्या गोष्टी सांगतायत.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली. मी त्या दिवशी सगळी वायर नव्यानं ओढली होती. म्हटलं, आता रस्त्यावर ट्रायल घेऊ. सूर्य नुकताच बुडालेला. अण्णा चालवत होते, मी शेजारी. खर्ड्याच्या दिशेनं तीनेक किलोमीटर गेलो असू. पुढे रस्त्याच्या डाव्या अंगाला उसाची ट्रॉली उभी होती, पंक्चर झालेली, मागे लाल कापड बांधलेलं. आमच्या दोन्ही लाईटी तिच्यावर पडल्या होत्या. उसाची कांडी न् कांडी मोजता येत होती. मी वाट बघत होतो की आता गाडी उजवीकडे घेतील, आता घेतील.

"डावी परत गेली बघ," अण्णा म्हणाले, आणि वेग तसाच.

मी ओरडलो की काय केलं, आठवत नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. उसाची पाती डाव्या काचेवरून खर्रकन घासत गेली. गाडी पलीकडच्या साईडपट्टीवर जाऊन बंद पडली. ट्रॉलीच्या चाकाशी ट्रॅक्टरवाला पान्हा घेऊन बसलेला होता, तो उठून शिव्या देत आला. एका हाताचं अंतर. एका हातानं तो वाचला.

तो परत चाकाकडे गेल्यावर मी गाडी वळवून ट्रॉलीच्या मागे, दहा पावलांवर, लाईटी लावून उभी केली.

"अण्णा, ट्रॉलीला लाल कापड कुठल्या बाजूला हाय?"

ते बराच वेळ समोर बघत राहिले. मान इकडं केली, तिकडं केली. रंगवलेल्या दारासमोर केली होती अगदी तशीच.

"कंचं कापड?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नगरला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं. उजवा डोळा कधीचाच गेलेला. एका डाव्यावर ते सगळं रेटत होते आणि त्यातही शुगरमुळे आत रक्त उतरलं होतं. ते रक्त हलतं म्हणे, कधी मधोमध येतं, कधी बाजूला जातं. म्हणून कधी दिसायचं, कधी नाही.

"डोळ्यापुढं हे काळं कधीपासून येतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून," अण्णा म्हणाले.

"तेव्हा आणलं असतंत तर लेसर करून बरंच वाचलं असतं."

तरी लेसर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं. दर खेपेला मी त्याच गाडीतून त्यांना नगरला न्यायचो आणि आष्टीच्या रस्त्यानं देवाला म्हणायचो, एवढा एक डोळा राहू दे, पाहिजे तर माझा घे. देवानं कशाला ऐकावं? मी तरी बायकोचं ऐकलं होतं का? आता अण्णांना उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही.

गाडी अंगणात उभी असते. अण्णा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतात. परवा रविवारी मी त्यांच्यापाशी होतो. ते दारावरून बोटं फिरवत होते. हँडलच्या खाली बोट थांबलं, मग हळूहळू खालपर्यंत गेलं.

"ह्यो ओघळ रंग मारतानाचाच का?"

"व्हय."

"आन् म्या झ्याक झालं म्हणलो." त्यांनी बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "लाईटीत काईच बिघाड नव्हता ना?"

"न्हाई."

"मला ठावं हुतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ठावं हुतं? मग बोलला का न्हाई? डोळा हुता त्यो अण्णा, टायर न्हवता बदलून टाकायला! मी म्हशीसारखा राबतोय वायरीत, आन् तुमी बघत बसला?" आवाज एवढा चढला की बायको बाहेर आली. माझं तोंड आसवांनी ओलं झालं होतं, बरं झालं त्यांना दिसत नव्हतं. हेही मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

अण्णा शांत होते. "आधी भ्या वाटलं. गाडी काढून घेशील म्हणून. मग..." त्यांनी ओघळावर परत बोट फिरवलं. "बोललो असतो तर तू एक दिस मला नगरला नेलं असतंस आन् दुसऱ्या दिशी दुकानात. लाईट बिघडली म्हणून तू रोज सहाला घरी येत ऱ्हायलास."

दोन खुर्च्या आणि मधे बॅटरी, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं.

"बारीक पेपर हाय का?" ते म्हणाले. "ह्यो ओघळ काढू."

मी पेपर आणला, तांब्या भरून आणला. त्यांनी घासलं, मी पाणी सोडत राहिलो. अर्धा तास गेला. ओघळ निघाला. मी बोट लावून बघितलं, डोळे मिटून पण बघितलं. दार साफ गुळगुळीत झालं होतं. अण्णांनीही बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, दोनदा.

"अजून हाय जरासा," ते म्हणाले. "लागतोय का तुला?"

"व्हय," मी म्हटलं. "लागतोय. उद्या सहाला येतो, मग बघू."